रो आणि पेज कॉम्प्रेशन: पेजच्या आत काय घडतं आणि ते चालू कसं करायचं

डेटाबेस फुगला की सगळ्यात आधी डिस्क वाढवायची मागणी येते. डिस्क मिळतेही. पण क्वेरी संथ होतात त्यामागं बहुतेक वेळा डिस्कवरच्या जागेपेक्षा मेमरीतली जागा असते. रिलेशनल डेटाबेस डिस्कवरून एकेक रो उचलत नाही, अख्खं पेज, म्हणजे अनेक रोंचा ठरावीक आकाराचा गठ्ठा, उचलतो. तीन रो हव्या असल्या तरी पेज पूर्ण येतं आणि बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या साठ्यात, पूर्ण जागा अडवतं. म्हणून एका पेजमध्ये किती रो मावतात हा आकडा डिस्कच्या हिशोबापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, आणि रो व पेज कॉम्प्रेशन नेमकं त्याच आकड्यावर काम करतं.

या लेखात एसक्यूएल सर्व्हर मुख्य धरला आहे, कारण रो आणि पेज हे दोन स्तर तिथं स्वच्छ वेगळे दिसतात. ओरॅकल, डीबी२, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये काय वेगळं आहे ते मध्ये थोडक्यात येईल. कमांड इथं देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून घ्या: कॉम्प्रेशन डेटाबेसला लावायचं नसतं, टेबलालाही सरसकट लावायचं नसतं. ते एकेका इंडेक्सला आणि एकेका पार्टिशनला (टेबलाच्या वेगळ्या साठवलेल्या भागाला) लावायचं असतं. कारण फायदा किती मिळणार हे टेबल किती मोठं आहे यावर ठरत नाही. एकाच पेजमध्ये कोणत्या व्हॅल्यू शेजारी येऊन पडतात यावर ठरतं.

रो कॉम्प्रेशन: घोषित आकार सोडून खरा आकार

एसक्यूएल सर्व्हरचं पेज ८ केबीचं, म्हणजे ८,१९२ बाइटचं. त्यातले पहिले ९६ बाइट हेडरचे. पेजच्या शेपटाला ऑफसेटची यादी असते, दर रोमागं २ बाइट. उरलेल्या जागेत रो बसतात. साध्या, कॉम्प्रेस न केलेल्या रोमध्ये ठरावीक लांबीचे कॉलम आपली पूर्ण जागा अडवून बसतात. बिगइंट असेल तर ८ बाइट, मग आत ३ असो की तीन अब्ज.

चार कॉलमची एक रो घेऊ. आयडी बिगइंट, व्हॅल्यू १२,५०,०००. नग बिगइंट, व्हॅल्यू ३. स्टेटस कॅर(२०), आत सात रोमन अक्षरांचा शब्द. शेरा कॅर(४०), आत नल, म्हणजे काहीच नाही. कॉम्प्रेशनशिवाय हिशोब सरळ आहे: ८ + ८ + २० + ४० = ७६ बाइट. त्या नल शेऱ्याचेही चाळीसच्या चाळीस बाइट मोजले जातात, याकडे बरेच जण लक्ष देत नाहीत.

आता रो कॉम्प्रेशन लावलं तर आयडी ३ बाइटमध्ये मावतो, कारण ३ बाइटमध्ये साधारण ८३.८ लाखांपर्यंतचा धन पूर्णांक बसतो. नग १ बाइटमध्ये जातो. एका बाइटची मर्यादा उणे १२८ ते १२७ आहे, म्हणजे नग १३० झाला असता तर २ बाइट लागले असते. स्टेटसच्या शेवटच्या रिकाम्या जागा कापल्या जातात, राहतात ७ बाइट. नल शेऱ्याला डेटाचा एकही बाइट लागत नाही. शून्याचंही तसंच. बेरीज ११. त्याखेरीज प्रत्येक कॉलममागं ४ बिटचं वर्णन साठवावं लागतं, कारण कॉलमची लांबी आता रोगणिक बदलते आणि ती कुठंतरी नोंदवायलाच हवी. चार कॉलमचे झाले २ बाइट. म्हणजे ७६ चे १३. रोचं स्वतःचं हेडर यात धरलेलं नाही, पण या नव्या मांडणीत तेही आधीपेक्षा आटोपशीर असतं.

डेटाचा प्रकार मात्र बदलत नाही. कॉलम बिगइंटच राहतो, ॲप्लिकेशनला काही कळत नाही, उद्या तिथं मोठा आकडा आला तरी तो बसतो. माझ्या मते रो कॉम्प्रेशन म्हणजे घाईत केलेल्या टेबल डिझाइनला मिळालेली माफी आहे. सगळीकडे बिगइंट आणि कॅर ठोकलेल्या जुन्या सिस्टिममध्ये त्याचा परिणाम जोरदार दिसतो. जिथं प्रकार आधीच विचार करून निवडलेले आहेत तिथं काढायला फारसं काही उरलेलं नसतं.

काही प्रकारांना रो कॉम्प्रेशनचा उपयोग नाही. टायनीइंट आधीच एका बाइटचा आहे. डेट आणि युनिकआयडेंटिफायर आहेत तसेच राहतात. व्हारकॅर आधीपासून बदलत्या लांबीचा असल्यामुळं त्यात कापण्यासारखं काही नाही. बिटच्या बाबतीत तर उलटा व्यवहार होतो, त्या ४ बिटच्या वर्णनाचा बोजाच वाढतो. अरुंद कॉलमांचं, काटेकोर टेबल कॉम्प्रेशननंतर किंचित मोठं झालेलं दिसलं तर दचकू नका.

एनव्हारकॅरचा मुद्दा वेगळा आहे, आणि देवनागरी मजकूर साठवणाऱ्यांनी तो नीट वाचावा. एनकॅर आणि एनव्हारकॅरमध्ये प्रत्येक अक्षरचिन्हाला साधारणपणे २ बाइट लागतात. २००८ आर२ पासून रो कॉम्प्रेशनमध्ये युनिकोड कॉम्प्रेशनही येतं, वेगळं चालू करावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात भाषावार बचतीचे आकडे दिलेले आहेत: इंग्रजी आणि हिंदीसाठी ५० टक्के, जपानीसाठी १५ टक्के. देवनागरीची सगळी चिन्हं युनिकोडच्या एकाच छोट्या पट्ट्यात असल्यामुळं दर चिन्हामागं जवळपास एकच बाइट लागतो. याउलट २०१९ मध्ये आलेलं यूटीएफ-८ कोलेशन (मजकूर साठवण्याची आणि तुलनेची सेटिंग) वापरलं तर त्याच देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. 'यूटीएफ-८ ने जागा वाचते' हे रोमन मजकुरापुरतं खरं आहे. देवनागरीसाठी एनव्हारकॅर आणि रो कॉम्प्रेशन ही जोडी सरस. अट एवढीच की कॉलम एनव्हारकॅर(मॅक्स) नसावा, मॅक्सला युनिकोड कॉम्प्रेशन लागू होत नाही.

पेज कॉम्प्रेशन: आधी प्रीफिक्स, मग डिक्शनरी

पेज कॉम्प्रेशन तीन पायऱ्यांत होतं. पहिली पायरी म्हणजे वर पाहिलेलं रो कॉम्प्रेशन. पेज निवडलं की रो आपोआप आलंच. दुसरी पायरी प्रीफिक्सची, तिसरी डिक्शनरीची. या दोन पायऱ्यांची माहिती ठेवायला पेज हेडरनंतर लगेच एक छोटी रचना तयार होते. सोयीसाठी तिला आपण माहितीपट्टी म्हणू.

प्रीफिक्सच्या पायरीत इंजिन एकेक कॉलम घेतं आणि त्या पेजपुरती त्या कॉलमची एक आधारव्हॅल्यू निवडतं. ही व्हॅल्यू माहितीपट्टीत पूर्ण साठवली जाते. मग प्रत्येक रोमध्ये त्या कॉलमच्या जागी फक्त दोन गोष्टी राहतात: आधारव्हॅल्यूची सुरुवातीची किती अक्षरं जुळतात, आणि पुढं वेगळं काय आहे.

समजा पावती क्रमांक हा व्हारकॅर कॉलम आहे, दर अंकाला एक बाइट, आणि पेजवर चार रो आहेत:

७७०२४१५५८
७७०२४१६०३
७७०२४१५५१
७७०१९०

आधारव्हॅल्यू पहिलीच निवडली असं धरू. पहिल्या रोला मग जवळजवळ काहीच साठवावं लागत नाही, ती आधारव्हॅल्यूशी तंतोतंत जुळते. दुसरीत पहिले सहा अंक जुळतात, म्हणून तिथं '६' आणि पुढं '६०३'. तिसरीत आठ जुळतात, म्हणून '८' आणि '१'. चौथीत तीनच जुळतात, म्हणून '३' आणि '१९०'. आधी ९ + ९ + ९ + ६ = ३३ बाइट होते. आता आधारव्हॅल्यूचे ९, आणि रोंमध्ये ० + ४ + २ + ४, मिळून १९. चारच रो असताना ही बचत मध्यम वाटते. पण आधारव्हॅल्यूचे ते ९ बाइट पेजमागं एकदाच मोजायचे आहेत, आणि खऱ्या पेजवर शेकडो रो असू शकतात.

डिक्शनरीची पायरी याच्यावर चढते. आता कॉलमच्या भिंती गळून पडतात. इंजिन अख्ख्या पेजवर, कुठल्याही कॉलममध्ये, पुन्हा पुन्हा येणारे बाइटचे तेच तुकडे शोधतं, ते माहितीपट्टीत एकदा लिहितं आणि मूळ जागी छोटा संदर्भ ठेवतं. गंमत अशी की ही तुलना प्रीफिक्स झाल्यानंतरच्या बाइटची होते. वरच्या टेबलात ग्राहक क्रमांकाचा दुसरा कॉलम आहे, त्याची आधारव्हॅल्यू ३१५००८८२० आहे आणि एका रोमध्ये ३१५००८६०३ आला, तर तिथंही 'सहा जुळतात, पुढं ६०३' असंच साठवलं जाईल. पावती क्रमांकाच्या दुसऱ्या रोमधला तुकडाही तोच. मूळ व्हॅल्यूंचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, तरी दोन्ही डिक्शनरीतल्या एकाच नोंदीकडं बोट दाखवू शकतात.

यातूनच पुढचे बरेच निर्णय निघतात. आधारव्हॅल्यू आणि डिक्शनरी दोन्ही पेजपुरत्या आहेत, शेजारच्या पेजला त्यांचा उपयोग नाही. त्यामुळं एकसारख्या व्हॅल्यू टेबलभर विखुरलेल्या असतील तर फायदा पातळ होतो, एकत्र आलेल्या असतील तर दाट होतो. आणि त्यांना एकत्र आणतो तो इंडेक्सचा क्रम. क्लस्टर्ड इंडेक्समध्ये टेबलाच्या रोच त्या क्रमानं मांडलेल्या असतात, नॉनक्लस्टर्ड इंडेक्स ही काही कॉलमांची वेगळी, क्रमवार यादी असते. स्टेटसने सुरू होणाऱ्या नॉनक्लस्टर्ड इंडेक्सचं पेज घ्या: पानभर एकच स्टेटस, म्हणजे तो कॉलम जवळपास नाहीसा होतो. क्लस्टर्ड इंडेक्स तारखेवर असेल तर एका पेजवर एकाच काळातल्या नोंदी येतात, त्यांचे क्रमांकही जवळचे असतात. तोच क्लस्टर्ड इंडेक्स यादृच्छिक जीयूआयडीवर (युनिकआयडेंटिफायर प्रकारातल्या ओळखक्रमांकावर) असेल तर वर्षानुवर्षांच्या नोंदी एका पेजवर गोळा होतात, क्रमांक कुणाचे कुणाला जुळत नाहीत, आणि जीयूआयडीचे १६ बाइट तर कुठूनच दाबले जात नाहीत. शहर, स्टेटस असल्या वारंवार येणाऱ्या व्हॅल्यूंना डिक्शनरी तिथंही हात देते, तेवढाच दिलासा.

पेज कधी दाबलं जातं

टेबलाला पेज कॉम्प्रेशन लावलं की प्रत्येक इन्सर्टबरोबर हे सगळं होतं असं नाही. नवं पेज सुरुवातीला फक्त रो कॉम्प्रेशनमध्ये भरत जातं. पेज भरलं आणि आणखी एक रो आली की इंजिन प्रीफिक्स व डिक्शनरी करून पाहतं. वाचलेल्या जागेतून माहितीपट्टीची जागा वजा करून काही ठळक उरत असेल तरच पेज दाबून ठेवतं. नसेल तर प्रयत्न सोडून देतं, पेज रो कॉम्प्रेशनवरच राहतं. प्रयत्नाचा सीपीयू मात्र खर्च झालेला असतो.

दाबलेल्या पेजवर नंतर आलेल्या रो असलेल्या आधारव्हॅल्यू आणि डिक्शनरीच वापरतात. ती माहितीपट्टी दर बदलाला नव्यानं बांधली जात नाही, पेज पुन्हा भरलं आणि पुरेसे बदल साचलेले असले तरच बांधली जाते. इंडेक्सच्या वरच्या पातळ्यांची पेजेस, म्हणजे लीफ (सगळ्यात खालची पातळी) सोडून बाकीची, केवळ रो कॉम्प्रेशनच घेतात.

वाचताना पेज मेमरीतही दाबलेलंच राहतं आणि क्वेरीला लागणाऱ्या व्हॅल्यू तेवढ्यापुरत्या उलगडल्या जातात. म्हणून एकाच बफरमध्ये जास्त रो राहतात. पण तीच रो दहा वेळा वाचली तर दहा वेळा उलगडावी लागते, सीपीयूचा खर्च तिथं आहे. सॉर्ट आणि हॅशसाठी मागितली जाणारी मेमरी कॉम्प्रेशनमुळं कमी होत नाही, ती कॉलमच्या घोषित आकारावरून ठरते. कॅर(४०) बेहिशोबी ठेवण्याची किंमत तिथं चुकवावीच लागते.

रोच्या बाहेर साठवलेला मोठा मजकूर किंवा बायनरी डेटा या कॉम्प्रेशनच्या कक्षेतच येत नाही. ९० टक्के जागा असल्या डेटाची असेल तर पेज कॉम्प्रेशन लावून आकडा हलणार नाही. तिथं २०१६ पासून मिळणारं कॉम्प्रेस हे जीझिप वापरणारं फंक्शन किंवा ॲप्लिकेशनमध्येच आधी दाबणं, हे पर्याय बघावे लागतात.

इतर डेटाबेसमध्ये

नावं सारखी असली तरी यंत्रणा वेगळ्या आहेत. ओरॅकलमध्ये ९आय रिलीज २ पासून ब्लॉकपातळीची चिन्हसूची आहे, एसक्यूएल सर्व्हरच्या डिक्शनरीची ती सगळ्यात जवळची नातलग. पण बेसिक प्रकार थेट घाऊक भरणीलाच लागू पडतो. रोजच्या इन्सर्ट-अपडेटसाठीचा प्रकार ११जी मध्ये आला आणि त्याला वेगळा परवाना लागतो. डीबी२ ने आवृत्ती ९ मध्ये अख्ख्या टेबलासाठी एक डिक्शनरी दिली, पेजपातळीची डिक्शनरी १०.१ मध्ये तिच्या जोडीला आली.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीमधलं कॉम्प्रेस्ड रो फॉरमॅट नाव रोचं घेतं, पण प्रत्यक्षात १६ केबीचं अख्खं पेज झेडलिबने दाबतं. तिथं बफरमध्ये दाबलेली आणि उलगडलेली अशा दोन्ही प्रती एकाच वेळी असू शकतात, म्हणजे मेमरी वाचेलच याची खात्री नाही. पोस्टग्रेसच्या मूळ टेबलांत पेज कॉम्प्रेशन नाही. साधारण २ केबीच्या पुढं गेलेल्या रोमधल्या मोठ्या व्हॅल्यू टोस्ट यंत्रणा दाबते, आणि आवृत्ती १४ पासून त्यासाठी एलझेड४ निवडता येतं. छोट्या रोंचं अवाढव्य टेबल पोस्टग्रेसमध्ये त्यानं लहान होत नाही.

आता प्रत्यक्ष काम

आवृत्ती तपासा. रो आणि पेज कॉम्प्रेशन २००८ मध्ये आलं तेव्हा फक्त एंटरप्राइझमध्ये होतं. २०१६ सर्व्हिस पॅक १ पासून स्टँडर्ड आणि एक्सप्रेसमध्येही मिळतं. जुन्या स्टँडर्ड आवृत्तीवर बॅकअप उतरवायची पाळी येणार असेल तर हे आधीच लक्षात ठेवा, कॉम्प्रेस केलेला डेटाबेस तिथं उघडत नाही.

मग मोठे इंडेक्स शोधा. सिस.डीएम_डीबी_पार्टिशन_स्टॅट्स मधून प्रत्येक इंडेक्सची पेजसंख्या काढा आणि उतरत्या क्रमानं लावा. बहुतेक डेटाबेसमध्ये दहा-बारा इंडेक्स बहुतांश जागा खाऊन बसलेले दिसतील. शेपटातली शंभर टेबलं विसरा. त्याच ठिकाणी रोमधली, रोबाहेर ओसंडलेली आणि लॉबची (मोठ्या मजकूर-बायनरी डेटाची) पेजेस वेगळी मोजलेली असतात. लॉबचा वाटा मोठा असेल तर तो इंडेक्स यादीतून काढून टाका.

यानंतर वापर कसा आहे ते बघा, ही पायरी गाळू नका. सिस.डीएम_डीबी_इंडेक्स_ऑपरेशनल_स्टॅट्स मध्ये प्रत्येक इंडेक्सवरचे रेंज स्कॅन, एकेरी शोध, लीफवरचे इन्सर्ट, अपडेट आणि डिलीट मोजलेले असतात. एकूण हालचालींत अपडेटचं प्रमाण किती आणि स्कॅनचं किती, एवढे दोन आकडे काढा. सर्व्हर रीस्टार्ट झाला की हे आकडे शून्यावर येतात, त्यामुळं कामाचं एक पूर्ण चक्र, महिनाअखेरीसकट, उलटल्यावरच त्यांच्यावर विसंबा.

पुढचा टप्पा अंदाजाचा. त्यासाठी तयार प्रोसिजर आहे:

एक्झेक एसपी_एस्टिमेट_डेटा_कॉम्प्रेशन_सेव्हिंग्ज 'डीबीओ', 'विक्री', नल, नल, 'पेज'

ती डेटाचा नमुना टेम्पडीबीमध्ये (सर्व्हरच्या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये) घेते, खरोखर दाबून बघते आणि त्यावरून पूर्ण आकार सांगते. तिसऱ्या आणि चौथ्या जागी नल दिल्यानं सगळे इंडेक्स आणि सगळी पार्टिशन येतात. 'पेज'च्या जागी 'रो' घालून पुन्हा चालवा. आणि तिसऱ्यांदा 'नन' घालून चालवा. हे तिसरं फारसं कुणी करत नाही, पण खरी मेख तिथं आहे. इंडेक्स विस्कळीत झालेला असेल, पेजेस अर्धी रिकामी असतील, तर नुसतं रीबिल्ड करूनही जागा सुटते. 'नन'चा अंदाज ती सूट दाखवतो. ती वजा केल्यावर जे उरतं तेवढंच कॉम्प्रेशनचं श्रेय.

आता निवड. मी लावतो तो ठोकताळा असा: स्कॅन ७५ टक्क्यांच्या वर आणि अपडेट २० टक्क्यांच्या खाली असतील, तर पेज. नोंद एकदाच येऊन नंतर बदलत नाही अशा टेबलांनाही पेज, कारण तिथं दाबण्याचा खर्च पेजमागं साधारण एकदाच पडतो. सतत अपडेट होणाऱ्या टेबलाला रो. रो आणि पेजच्या अंदाजात फरक किरकोळ असेल तर डोळे झाकून रो. सीपीयू आधीच काठावर चालत असेल तर पेज कॉम्प्रेशनला हात लावण्याआधी तो प्रश्न सोडवा. आणि टेबल फक्त मोठाल्या अहवालांसाठीच असेल तर कॉलमस्टोअरचा (रोऐवजी कॉलमवार साठवणाऱ्या इंडेक्सचा) विचार करा, तिथं कॉम्प्रेशन बहुधा याहून बरंच जास्त मिळतं.

तारखेनुसार पार्टिशन केलेलं टेबल असेल तर निवड फारच सोपी होते: चालू पार्टिशन रो, जुनी पार्टिशन पेज. पार्टिशन स्विच करताना दोन्ही बाजूंची कॉम्प्रेशन सेटिंग सारखी लागते, नाहीतर स्विच अडतं. स्प्लिट केल्यावर नवं पार्टिशन मूळ पार्टिशनची सेटिंग उचलतं.

कमांड छोट्या आहेत:

ऑल्टर टेबल विक्री रीबिल्ड विथ (डेटा_कॉम्प्रेशन = पेज)
ऑल्टर इंडेक्स आयएक्स_विक्री_स्टेटस ऑन विक्री रीबिल्ड विथ (डेटा_कॉम्प्रेशन = पेज)
ऑल्टर टेबल विक्री रीबिल्ड पार्टिशन = ३ विथ (डेटा_कॉम्प्रेशन = पेज)

पहिली कमांड फक्त क्लस्टर्ड इंडेक्स किंवा हीप (क्लस्टर्ड इंडेक्स नसलेलं टेबल) दाबते. नॉनक्लस्टर्ड इंडेक्स टेबलाची सेटिंग घेत नाहीत, प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं. उद्या कुणी नवा इंडेक्स बनवला आणि सेटिंग लिहिली नाही तर तो कॉम्प्रेशनशिवायच तयार होणार. इंडेक्स बनवण्याच्या स्क्रिप्टमध्येच ही ओळ घालून ठेवलेली बरी.

एखादवेळी कमांड चूक दाखवून थांबते. रोची मर्यादा ८,०६० बाइटची आहे आणि कॉम्प्रेशनची वर्णनंही त्या हिशोबात धरली जातात. कॅर(८०००) आणि कॅर(५३) अशा दोन कॉलमांचं टेबल कॉम्प्रेशनशिवाय चालतं, कॉम्प्रेशनसह चालत नाही. स्पार्स कॉलम (बहुतांश नल असणाऱ्या कॉलमांसाठीची खास मांडणी) असलेल्या टेबलालाही कॉम्प्रेशन लावता येत नाही.

चालवण्याआधी तीन हिशोब करा. जागा: रीबिल्ड चालू असताना जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती असतात, म्हणून फाइलमध्ये नव्या प्रतीपुरती मोकळी जागा हवी. लॉग: फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये सगळं रीबिल्ड लॉगमध्ये उतरतं आणि दुय्यम प्रतींकडंही जातं, तिथली रांग वाढते. लॉक: ऑनलाइन = ऑन दिलं नाही तर टेबल तेवढा वेळ अडून राहतं, आणि ऑनलाइन रीबिल्ड स्टँडर्ड आवृत्तीत नाही. क्रम लहान इंडेक्सकडून मोठ्याकडं ठेवा. लहानांनी सोडलेली जागा मोठ्यांच्या नव्या प्रतींना कामी येते आणि फाइल वाढवावी लागत नाही.

काम झाल्यावर फाइलचा आकार तसाच दिसेल. सुटलेली जागा फाइलच्या आत मोकळी असते, ऑपरेटिंग सिस्टिमला परत गेलेली नसते. इथं लोकांचा हात श्रिंककडं जातो. श्रिंक शेवटची पेजेस उचलून पुढच्या मोकळ्या जागेत टाकतं आणि नुकतेच रीबिल्ड केलेले इंडेक्स पुन्हा विस्कटतं. टेबल पुढंही वाढणारच असेल तर ती मोकळी जागा राहू द्या. खरोखर परत करायचीच असेल तर नवा फाइलग्रुप करून इंडेक्स तिथं कॉम्प्रेशनसह बांधणं आणि जुना रिकामा करणं जास्त स्वच्छ.

हीपकडं वेगळं लक्ष द्या. क्लस्टर्ड इंडेक्स नसलेल्या टेबलात साध्या इन्सर्टने तयार होणारी नवी पेजेस, भरली तरी, पेज कॉम्प्रेशन घेत नाहीत. घाऊक भरणी किंवा टॅबलॉकसह (अख्खं टेबल लॉक करून) केलेलं इन्सर्टच त्यांना दाबतं, नाहीतर पुढच्या रीबिल्डपर्यंत ती रो कॉम्प्रेशनवरच राहतात. आणि हीप रीबिल्ड केला की रोचे पत्ते बदलतात, म्हणून त्याचे सगळे नॉनक्लस्टर्ड इंडेक्सही पुन्हा बांधले जातात. मोठ्या हीपवर क्लस्टर्ड इंडेक्स घालणं हा बहुधा कमी कटकटीचा मार्ग आहे.

पडताळणी दोन बाजूंनी करा. सेट स्टॅटिस्टिक्स आयओ ऑन आणि सेट स्टॅटिस्टिक्स टाइम ऑन लावून नेहमीच्या चार-पाच क्वेरी आधी आणि नंतर चालवा. लॉजिकल रीड किती उतरले आणि सीपीयू टाइम किती चढला हे शेजारी ठेवून बघा. रीड निम्मे झाले आणि सीपीयू थोडा वाढला तर सौदा चांगला. रीड तितकेच आणि सीपीयू वाढला असेल तर त्या इंडेक्सचं कॉम्प्रेशन काढून टाका, ऑल्टर इंडेक्समध्ये सेटिंग 'नन' केली की झालं. मात्र परतीच्या रीबिल्डलाही जागा लागते, आणि तीही मोठ्या प्रतीची.

दुसरी बाजू आठवड्यांनी बघायची. वर सांगितलेल्या ऑपरेशनल स्टॅट्समध्येच पेज_कॉम्प्रेशन_अटेम्प्ट_काउंट आणि पेज_कॉम्प्रेशन_सक्सेस_काउंट असे दोन कॉलम आहेत. प्रयत्न हजारो आणि यश मूठभर असं दिसलं, तर इंजिन प्रत्येक भरलेल्या पेजवर फुकट घाम गाळतंय. त्या पेजेसवर जुळणाऱ्या व्हॅल्यू शेजारी येतच नाहीत. असा इंडेक्स पेजवरून रोवर आणा.